पाठीतलं पाणी मेंदूबद्दल किती सांगतं?

पाठीतून काढलेल्या पाण्यात, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात (सीएसएफमध्ये), औषध सापडलं की ते मेंदूत पोचलं असं सर्रास धरलं जातं. हे गृहीतक घातक आहे. रक्तातून मेंदूकडे यायला दारं दोन आहेत आणि पाण्याचा नमुना त्यातल्या एकाबद्दलच नीट बोलतो.

पहिलं दार मेंदूतल्या केशवाहिन्यांचं. इतरत्र केशवाहिन्यांच्या पेशींमध्ये फटी असतात, इथे त्या ‘टाइट जंक्शन’ने शिवल्यासारख्या बंद असतात. दुसरं दार कोरॉइड प्लेक्ससचं. मेंदूच्या पोकळ्यांमधल्या या झुपक्यातल्या केशवाहिन्या चांगल्याच गळक्या असतात, रक्तातली प्रथिनंसुद्धा बाहेर झिरपतात. त्यांना अडवतो तो वरचा पेशींचा थर. सीएसएफ मुख्यतः इथेच बनतो: दिवसाला सुमारे ५०० मिलि. एका वेळी असतो मात्र जेमतेम १५० मिलि, म्हणजे सगळं पाणी दिवसातून तीन-चार वेळा बदलतं.

आता अंतर बघा. मेंदूतल्या दोन केशवाहिन्यांमध्ये साधारण ४० मायक्रॉन असतात, त्यामुळे पहिल्या दारातून शिरलेलं औषध जवळपास प्रत्येक पेशीच्या उंबऱ्यावर असतं. सीएसएफमधून मेंदूच्या गाभ्याकडे निघालेलं औषध मात्र काही मिलिमीटर जाईपर्यंत विरळ होतं. पाण्याचा प्रवाह त्याला परत रक्तात वाहून नेतच असतो. म्हणून पाठीतून टोचलेलं मेथोट्रेक्सेट मेंदूच्या आवरणांवर पसरलेल्या कर्करोगपेशींना गाठतं, पण खोलवरच्या गाठीसाठी त्याच्यावर विसंबता येत नाही.

पहिल्या दारातून प्राणवायू, कार्बन डायऑक्साइड, मद्य, भुलीचे वायू सहज जातात. औषधांसाठी ढोबळ नियम असा: रेणू ४०० ते ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं एकक) लहान हवा आणि चरबीत विरघळणारा हवा. पण नुसत्या या नियमावर भरवसा ठेवला की लोपेरामाइड फसवतं. ते चरबीत उत्तम विरघळतं, अफूच्याच कुळातल्या औषधांसारखं काम करतं, तरी नेहमीच्या मात्रेत जुलाब थांबवतं आणि मेंदूला गुंगी आणत नाही. कारण पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप त्याला आत येताच रक्तात परत ढकलतो. त्या पंपाला दुसऱ्या औषधाने अडवलं किंवा मात्रा बेसुमार वाढवली, की हे संरक्षण गेलं.

जे पाण्यात विरघळतं पण मेंदूला हवंच असतं, त्याच्यासाठी वाहक आहेत. ग्लुकोज ग्लुट-१ वरून येतं आणि त्याला इन्शुलिन लागत नाही. पार्किन्सन्समध्ये मेंदूत कमी पडणारं डोपामिन थेट देऊन उपयोग नाही, ते अडतं. लेव्होडोपा अमिनो आम्लांच्या वाहकावर बसून जातं. सोबतचं कार्बिडोपा स्वतः आत जात नाही, आणि नेमकं तेच हवं असतं: लेव्होडोपाचं डोपामिन बाहेरच होऊ नये. प्रथिनयुक्त जेवणातली अमिनो आम्लं मात्र त्याच वाहकासाठी भांडतात. गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगतात त्यामागे हेही एक कारण.

पाण्याचा रिपोर्ट वाचताना रक्ताचा रिपोर्ट शेजारी हवाच. सीएसएफमधली साखर रक्तातल्या साखरेच्या सुमारे दोन-तृतीयांश असते. ७० मिग्रॅ आकडा एकटा पाहिला तर निर्धास्त वाटतो. त्याच वेळी रक्तात ३०० असेल तर प्रमाण पावाच्याही खाली गेलं. साखर फार चढली की वाहकाची क्षमता भरते आणि प्रमाण थोडं उतरतंच, पण इतकं कमी असेल तर जिवाणूंचा मेंदूज्वर मनात आणायलाच हवा. रक्तातला बदल पाण्यात उमटायला काही तास लागतात, म्हणून रक्त सुई टोचण्याच्या जरा आधी घ्यावं, ग्लुकोजची सलाइन चढवल्यानंतर नाही.

प्रथिनं रक्तात डेसिलिटरला ६ ते ८ ग्रॅम, सीएसएफमध्ये १५ ते ४५ मिलिग्रॅम. सुई टोचताना रक्त मिसळलं तर मायक्रोलिटरमधल्या दर १,००० तांबड्या पेशींमागे डेसिलिटरला साधारण १ मिलिग्रॅम वजा करतात, पण पेशी आणि प्रथिनं एकाच नळीतली मोजलेली हवीत. प्रथिनं वाढली की लगेच ‘अडथळा फुटला’, म्हणजे रक्त आणि मेंदूमधली ही दारं मोडली, असं म्हणतात, ते मला घाईचं वाटतं. कण्यातल्या गाठीने प्रवाह तुंबला तरी खालच्या पाण्यात प्रथिनं साचतात, दार शाबूत असलं तरी.

सगळ्यात जपायची जागा मेंदूज्वराच्या उपचारात आहे. निरोगी माणसात पेनिसिलिन सीएसएफमध्ये फार थोडं शिरतं, आणि शिरलेलं कोरॉइड प्लेक्ससचे पंप बाहेर काढतात. सूज असताना दार सैल होतं, औषध जास्त शिरतं. रुग्ण सुधारला, सूज उतरली, की दार पुन्हा आवळतं. ताप गेल्यावर मात्रा कमी केली तर सीएसएफमधलं औषध दोन्ही बाजूंनी घटतं. प्रौढांना सेफ्ट्रायॅक्झोन हे प्रतिजैविक दर १२ तासांनी २ ग्रॅम देतात ते शेवटपर्यंत तसंच ठेवतात. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू असेल तर सूज लवकर उतरते आणि व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकाचा शिरकाव कमी होऊ शकतो, तेव्हा त्याची रक्तातली पातळी आणखी काटेकोरपणे मोजावी लागते.