पॅरलल पोर्टचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि लिनक्स: माझा अनुभव

छोटा टेस्ट प्रिंट नीट आला म्हणून पोर्ट ठीक आहे असं कुणीही मानू नये. मी मानलं आणि चूक भलत्याच ठिकाणी शोधत बसलो.

प्रिंटर एप्सनचा एलएक्स ३००+, संगणकावर डेबियन. बोर्डाला मागे पॅरलल पोर्ट नव्हता, पण बोर्डावर एलपीटी लिहिलेला पिनांचा हेडर होता. त्याला ब्रॅकेट लावून २५ पिनांचा सॉकेट मागे काढला. केबल लावताना-काढताना दोन्ही यंत्रं बंदच ठेवा. ही केबल यूएसबीसारखी चालू यंत्राला जोडण्यासाठी नसते, पोर्ट जळू शकतो.

पारपोर्ट, पारपोर्ट_पीसी आणि एलपी ही मॉड्यूल्स (लिनक्समधले पोर्ट चालवणारे ड्रायव्हर) आपोआप चढली. डीमेसेजमध्ये (लिनक्सच्या कर्नलचे संदेश दाखवणारी आज्ञा) पोर्टचा पत्ता ३७८ हेक्स (सोळाच्या पायाचा आकडा), आयआरक्यू म्हणजे इंटरप्टचा क्रमांक ७ आणि एलपी० हे पोर्टचं नाव असं सगळं दिसलं. कप्समध्ये (लिनक्सची छपाईची व्यवस्था) 'एप्सन ९-पिन सिरीज' हा ड्रायव्हर निवडला. इथवर काहीच अडलं नाही.

वीसेक ओळींचं इंग्रजी बिल थेट /डेव्ह/एलपी० वर पाठवलं, ते झरझर छापून आलं. मराठी बिल मात्र चार बोटं छापून थांबलं. मग थोडं सरकलं, पुन्हा थांबलं. एका पानाला इतका वेळ लागला की प्रिंटर अडकला असंच वाटावं. इंग्रजी चालतं आणि मराठी अडतं, तेव्हा दोष फॉन्टचा किंवा ड्रायव्हरचा असणार, असा माझा सरळ निष्कर्ष. ड्रायव्हर बदलले, रिझोल्यूशन बदललं, कप्स काढून पुन्हा टाकलं. सगळं व्यर्थ.

खरा फरक भाषेचा नव्हताच, आकाराचा होता. ८० अक्षरांच्या २० ओळी म्हणजे फार तर १६०० बाइट. देवनागरी या प्रिंटरच्या स्वतःच्या अक्षरांत नाही, म्हणून अख्खं पान चित्र म्हणून जातं. आडवे १२० आणि उभे ७२ ठिपके प्रति इंच धरले, तर ८ इंच रुंद आणि १२ इंच लांब भरलेल्या पानाचे एक लाखाहून जास्त बाइट होतात. १६०० बाइट प्रिंटरच्या बफरमध्ये (आलेला मजकूर तात्पुरता साठवणाऱ्या मेमरीत) सहज मावतात. मोठं पान आलं की बफर भरतो, प्रिंटर ११ नंबरच्या पिनवर 'बिझी' सांगतो आणि पोर्टचा ड्रायव्हर, म्हणजे एलपी, १० नंबरच्या पिनवरून येणाऱ्या इंटरप्टची ('पुढचं पाठव' अशा इशाऱ्याची) वाट पाहतो. माझ्याकडे तो इंटरप्ट येतच नव्हता. वाट पाहण्याची मुदत संपली की ड्रायव्हर स्वतः बघून थोडं पुढे ढकलायचा. म्हणून ते अडखळणं.

खात्री अशी केली: कप्स बंद ठेवून इंग्रजीचीच एक लांबलचक टेक्स्ट फाइल थेट एलपी० वर सोडली. तीही तशीच अडखळली, म्हणजे कप्स, त्यातला ड्रायव्हर, फॉन्ट सगळे निर्दोष. मग आलेले इंटरप्ट मोजणारी /प्रॉक/इंटरप्ट्स ही फाइल उघडून पारपोर्ट० समोरचा आकडा छपाईच्या आधी आणि नंतर पाहिला. जागचा हललेला नव्हता! हे सर्वांत आधी बघायला हवं होतं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

१० नंबरची तार तुटली तरी हेच लक्षण दिसतं, म्हणून केबल बदलून पाहिली. फरक नाही. बायॉसमध्ये पोर्टची पद्धत ईसीपीवरून साध्या, जुन्या एसपीपीवर आणली, तरीही नाही. तेव्हा इंटरप्टचा नादच सोडायचा ठरवलं. /ईटीसी/मॉडप्रोब.डी मध्ये .कॉन्फ नावाने संपणारी फाइल करून एक ओळ लिहिली: ऑप्शन्स पारपोर्ट_पीसी आयओ=०एक्स३७८ आयआरक्यू=नन. फाइलमध्ये अर्थात हे रोमनमध्ये लिहायचं. आयओ आणि आयआरक्यू दोन्ही एकत्रच द्या. नुसतं आयआरक्यू दिलं तर बोर्डावरचा पोर्ट बायॉसने सांगितलेला ७ च धरून बसतो. मग संगणक रीस्टार्ट केला. डीमेसेजमध्ये एलपी० पुढे आधी 'इंटरप्ट-ड्रिव्हन' होतं, तिथे 'पोलिंग' (इशाऱ्याची वाट न पाहता ड्रायव्हरने स्वतः वारंवार बघणं) आलं आणि मराठी पान एका दमात खाली उतरलं. इतकं हायसं वाटलं! पोलिंगने वेग कमी होईल ही भीती नको. डॉट मॅट्रिक्सचं हेड पोर्टपेक्षा कितीतरी हळू चालतं.

एक राहिलंच. थेट एलपी० वर लिहिताना 'परमिशन डिनाइड' आलं तर आपला युजर एलपी ग्रुपमध्ये घाला आणि लॉग आउट करून परत या. ओळी जिन्यासारख्या उजवीकडे उतरत गेल्या तर फाइल आधी युनिक्स२डॉसमधून काढा. प्रिंटरचा ऑटो लाइन फीड चालू करू नका, नाहीतर कप्समधून छापताना जादा ओळी सुटतील.

केबलवर संशय असेल तर एलएफ/एफएफ आणि लोड/इजेक्ट ही दोन्ही बटणं दाबून धरून प्रिंटर चालू करा. मग तो आलेला प्रत्येक बाइट हेक्समध्ये छापतो. पाठवलेल्या रोमन कॅपिटल ए साठी ४१ सोडून दुसरंच काही उमटलं, तर २ ते ९ मधली डेटाची तार गेलेली असते.

मराठीसाठी अक्षर १४ पॉइंटच्या खाली नेऊ नका. उभे ७२ ठिपकेच असल्याने वेलांट्या आणि रफार तुटतात. आणि १० बाय १२ चा कंटिन्युअस कागद असेल तर कप्समध्ये पानाची लांबी १२ इंचच द्या, ११ राहिली तर प्रत्येक पानाला छिद्रांची रेघ एक इंच सरकत जाते.