वाळपईचा वहाळ आणि ओला फिल्टर

जुलैत दोन दिवस पाऊस लागून राहिला की मावशीच्या घराकडचा साकव पाण्याखाली जातो. वाळपईच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून आत गेलं की कुळागर (माडा-पोफळीची बाग), मध्ये वहाळ, म्हणजे ओढा, आणि पलीकडे घर. गेल्या वर्षी मावसभावाचा फोन आला, "दादा, गॅस संपलाय. साकवावरून पाणी आहे, पण ट्रॅक्टर जातो तो खालचा उतार चालू आहे." माझ्या २०२१ च्या डिझेल महिंद्रा थारला जूनमध्येच स्नॉर्केल, म्हणजे इंजिनाला छताच्या उंचीवरून हवा देणारी नळी, बसवलं होतं. ते वापरायला निमित्त हवंच होतं, हे आधीच कबूल करतो. गॅसचा सिलिंडर वाळपईतही मिळाला असता आणि ट्रॅक्टरवरून पोचलाही असता.

निघालो दोन गाड्या घेऊन. माझी थार आणि एका मित्राची फोर्स गुरखा. फोंडा, खांडेपार, उसगाव तिस्क, वाळपई. रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, गोव्यातल्या पावसाळी रविवारचा जसा असतो तसाच होता. तिस्कावर मिसळ खाल्ली.

उताराशी पोचल्यावर काठी घेऊन पाण्यात उतरलो. पाणी गुडघ्याच्या वर चार बोटं, तळाला गोटे, ओढ बेताची. पलीकडे डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेतलेले एक आजोबा उभे होते. ते ओरडले, "राव मरे, मदीं फोंड आसा!" मी हात हलवून 'समजलं' म्हणालो आणि गाडीत बसलो. समजलं काहीच नव्हतं.

फोर-लो (चारही चाकांना जोर, वेग कमी), दुसरा गिअर, चालत्या माणसाच्या वेगाने. बंपरपुढे पाण्याची लाट तयार झाली, ती तशीच ढकलत निघालो. अर्ध्यावर पुढचं डावं चाक आजोबा सांगत होते त्या खड्ड्यात (कोंकणीत 'फोंड') गेलं, नाक खाली झुकलं आणि क्षणभर बॉनेटवर पाणी चढलं. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हलवला नाही, गाडी सुटली, बाहेर आलो. मला वाटलं जिंकलो. मित्राची गुरखा मागून आली आणि त्याने पहिली गोष्ट विचारली ती अशी: "फिल्टरचा डबा उघडून बघितलास?"

उघडला. इंजिनाची हवा गाळणाऱ्या फिल्टरचा खालचा कोपरा चिंब, डब्याच्या तळाशी अर्धा कप गढूळ पाणी.

स्नॉर्केलचं तोंड छताच्या उंचीला, कोरडं खडखडीत. मग पाणी आलं कुठून? डब्याच्या तळाला एक छोटं भोक असतं. पावसाचं, दवाचं पाणी आत गेलंच तर ते त्यातून निथळावं म्हणून कारखान्यातूनच ठेवलेलं. ज्या गॅरेजने स्नॉर्केल बसवलं त्यांनी वरची नळी झकास लावली, पण हे भोक तसंच उघडं ठेवलं. इंजिन हवा ओढतं तेव्हा डब्यात दाब कमी होतो. वरून हवा येतच असते, पण हे भोक पाण्याखाली गेलं की त्यातूनही ओढलं जातं, आणि तिथे हवा नसते. थोडक्यात, माझी गाडी छतावरून श्वास घेत होती आणि हेडलाइटच्या उंचीवरून पाणी पीत होती.

आणखी दोन मिनिटं पाण्यात अडकलो असतो तर कागदी फिल्टर फाटून पाणी थेट सिलिंडरमध्ये गेलं असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर यायला बघतो, पाणी जागा देत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेलमध्ये पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा मुळातच फार थोडी, त्यामुळे थोडं पाणीही पुरतं. डबा पुसला, फिल्टर शक्य तेवढा झटकला, भोकात सायकलच्या ट्यूबचा तुकडा कोंबून वर टेप मारली. मावशीकडे जेवलो. परतताना पाणी चढलं होतं, तेव्हा वहाळाला हात न लावता रानातल्या लांबच्या वाटेने फिरून आलो. गुरखावालाही.

आता निवडीबद्दल. हेच मी आधी वाचायला हवं होतं.

लोक स्नॉर्केल घेताना त्याचं डोकं बघतात: उंच, दणकट, काळंभोर. मी आता आधी खालचं टोक बघतो. नळी फिल्टरच्या डब्याला कशी जोडली जाते? तुमच्याच मॉडेलसाठी साचा काढलेला जोड आहे, की कोणत्याही गाडीला लागणारी लवचीक नळी कापून क्लिप मारलेली आहे? डब्याला मूळ हवा घेणारं दुसरं एखादं तोंड उरतं का, ते बंद करायला किटमध्ये झाकण आहे का? तळाच्या भोकासाठी बदकाच्या चोचीसारखा रबरी व्हॉल्व्ह मिळतो. आतलं पाणी बाहेर सोडतो, बाहेरचं आत घेत नाही. किटमध्ये तो नसेल तर वेगळा घ्या. पण वहाळ ओलांडायचा असेल त्या दिवशी मी त्यावरही विसंबत नाही, सरळ बूच मारतो आणि परत आल्यावर आठवणीने काढतो.

दुसरी गोष्ट आतल्या व्यासाची. स्नॉर्केलमधला सगळ्यात अरुंद भाग कारखान्याच्या मूळ नळीपेक्षा अरुंद नको. टर्बो डिझेल हवा भरपूर मागतं, आणि अरुंद नळीमुळे चोर्ला घाट चढताना गाडी दमते. बाहेरून जाड दिसणारं स्नॉर्केल आतून बारीक असू शकतं, म्हणून हात घालून बघा.

साहित्याचं म्हणाल तर माझं पहिलं स्नॉर्केल फायबरचं होतं. ते वहाळात नाही, कुळागराच्या वाटेवर गेलं. काजूच्या एका फांदीने धरलं आणि ए-पिलरजवळ, म्हणजे पुढच्या काचेच्या कडेच्या खांबाजवळ, तडा गेला. गोव्यात हा धोका पाण्याहून रोजचा आहे. वाटा अरुंद, फांद्या खाली, आणि बाजूला उभी नळी. आता पॉलिथिलीनचं आहे, फिरत्या साच्यात ओतलेलं. ऑस्ट्रेलियातली सफारीसारखी नावाजलेली स्नॉर्केल याच जातीच्या प्लास्टिकची असतात. फांदी लागली तर ते दबतं आणि परत येतं, उन्हाने पटकन ठिसूळ होत नाही. स्वस्त एबीएस प्लास्टिकच्या नकला दोन-तीन उन्हाळ्यांत पांढरट पडून चिरतात. लोखंडी पाइप स्पर्धेच्या गाड्यांना शोभतो. २०१४ पासून गोव्यात पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफ-रोड गाड्यांची स्पर्धा होते, ती बघून आलेला प्रत्येक जण महिनाभर लोखंडी पाइपच्या गोष्टी करतो. त्या गाड्यांच्या बाकीच्या अंगावर काय काय बदललेलं असतं ते मात्र कोणी बघत नाही. शिवाय आपल्याकडची खारी हवा लोखंडाला काय करते ते मडगाव-पणजीवाल्यांना मी सांगायला नको.

डोकं दोन प्रकारचं मिळतं. समोर तोंड असलेलं, ज्याच्या मागे-खाली पाणी निथळायला फटी असतात, आणि वाडग्यासारखं गोल, जे हवा भोवऱ्यासारखी फिरवून धूळ बाहेर टाकतं. सावर्डे-सांगे भागात खनिजाच्या ट्रकांच्या मागे उन्हाळ्यात गाडी चालवली असेल तर दुसऱ्याची किंमत कळते, लाल धूळ फिल्टर आठवड्यात माखून टाकते. पावसासाठी मला पहिलंच आवडतं. फक्त फटी खरोखर आहेत का ते तपासा. नकली डोक्यात त्या नुसत्या नक्षी म्हणून असतात, आणि धावत्या गाडीत पाऊस थेट नळीत शिरतो.

बसवताना स्वतः उभे राहा. मडगार्डला भोक पाडतात त्याच्या कापलेल्या कडेला प्रायमर आणि रंग लावल्याशिवाय नळी बसवू देऊ नका, नाहीतर दुसऱ्या पावसात तिथून गंज सुरू होतो. प्रत्येक जोडाला सीलंट आणि क्लिप दोन्ही. मग परीक्षा, आणि ती फुकट आहे. इंजिन न्यूट्रलमध्ये चालू ठेवून स्नॉर्केलचं तोंड तळहाताने घट्ट झाका. जोड हवाबंद असतील तर इंजिन घुसमटून बंद पडेल. मजेत चालत राहिलं तर ते दुसरीकडून कुठून तरी हवा घेतंय. माझ्या पहिल्या गॅरेजमध्ये ही परीक्षा केली असती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

आता थोडं कटू. थारची पाण्यात उतरण्याची खोली कंपनी ६५० मिलिमीटर सांगते, आणि ती स्नॉर्केलशिवाय. गुरखाला कारखान्यातूनच स्नॉर्केल येतं, तिची सांगितलेली खोली ७०० मिलिमीटर. म्हणजे तोंड छतापर्यंत नेऊनही कंपनीने छतापर्यंतचं वचन दिलेलं नाही. कारण पाण्याला घाबरणारा फक्त फिल्टर नसतो. अल्टरनेटर, वायरिंगचे जोड, दारांचे रबर, गिअरबॉक्स आणि डिफचे (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शियलचे) ब्रीदर, म्हणजे हवा जायची छोटी तोंडं, सगळं त्याच उंचीच्या आसपास असतं. आणि साधारण दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्यांना तरंगवू शकतं. तरंगलेल्या गाडीला फोर-लोचा काय उपयोग?

ऑक्टोबरात कुळ्याला गेलो होतो. दूधसागरच्या जीप पावसाळ्यानंतर सुरू झाल्या होत्या. तो रस्ता भगवान महावीर अभयारण्यातला, खासगी गाड्यांना बंदी आहे, तेव्हा स्वतःची नेण्याचा विचार करू नका. पण जीपमध्ये पुढे बसा आणि ड्रायव्हरचे पाय बघा. आमचा ड्रायव्हर पाण्यात शिरताना सावकाश, आत एकच वेग, गिअर बदलणं नाही, क्लच दाबणं नाही. विचारलं, "इतकं पाणी, भीती नाही वाटत?" म्हणाला, "खड्डे पाठ आहेत." मला ते आजोबा आठवले.

तर उतरण्याआधी: स्थानिक माणसाला विचारा आणि त्याचं ऐका. काठी घेऊन चालून बघा. चालत जाता येत नसेल तर गाडीनेही जाऊ नका. (कुंभारजुव्याच्या बाजूला मात्र चालून बघू नका, तिथे मगरी आहेत.) एसी बंद. दोरी आधीच हुकाला बांधून ठेवा, पाण्याखाली हुक शोधणं हा वेगळाच खेळ आहे. मध्ये इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. ओढून बाहेर काढा, फिल्टर बघा, ओला असेल तर गाडी तशीच गॅरेजला. खाजणाकडच्या खाऱ्या पाण्यात आणि समुद्रकिनाऱ्यावर तर मुळीच नको. किनाऱ्यावर गाडी घालणं गोव्यात गुन्हा आहे, आणि दरवर्षी कोणी ना कोणी पर्यटक भरतीत गाडी रुतवून पोलिसांची वाट बघत बसलेला असतो.

कागदपत्रं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या नोंदलेल्या रूपात बदल करण्यावर बंधन घालतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. स्नॉर्केल लावायच्या आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. साध्या सर्वंकष पॉलिसीत इंजिनात पाणी जाऊन झालेलं नुकसान सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड वेगळी घ्यावी लागते. ती घेतली असली तरी पाणी गेल्यावर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारल्याचं दिसलं तर दावा अडतो.

यंदा ऑगस्टमध्ये त्याच उताराने पुन्हा गेलो. नवं स्नॉर्केल, तळाला बूच, खड्डा उजवीकडे ठेवून. फिल्टर कोरडा. मावशीच्या अंगणात आनंदाने चहा घेतला. आठवड्याने सर्व्हिसिंगला गाडी गेली तेव्हा मेकॅनिकने मागच्या डिफचं तेल काढून दाखवलं. दुधाच्या चहासारखं. तापलेला डिफ गार पाण्यात गेला, आतली हवा आकसली, आणि बुटक्या ब्रीदरमधून पाणी आत ओढलं गेलं. आता त्या ब्रीदरला दोन मीटर नळी जोडून ती मागच्या दिव्यापर्यंत वर नेली आहे. तेवढ्या कामाला अर्धा तास लागला.