आमची वाटचाल: फोर्टमधले छपराखालचे घर

गिरगाव आणि काळबादेवीतल्या चाळींची गळती काढणे, कुजलेले वासे बदलणे आणि खचलेले सज्जे सावरणे, एवढेच आमच्या लहानशा फर्मचे सुरुवातीचे काम होते. १९९५ साली मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली, वास्तूंच्या श्रेण्या ठरल्या, आणि जुन्या दगडी भिंतीवर सिमेंट थापणे म्हणजे दुरुस्ती नाही ही गोष्ट हळूहळू घरमालकांनाही पटू लागली. चुन्यात हात बसलेले गवंडी तोवर फार थोडे उरले होते. त्यांतले जे आमच्याकडे आले त्यांनी आमच्या तरुण कारागिरांना चुना मळायला शिकवले, आणि फर्मची खरी पुंजी मी आजही तीच मानतो.

या वाटचालीला वळण मिळाले ते फोर्टमधल्या एका घरामुळे. १८६० च्या दशकात मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याची तटबंदी पाडली गेली आणि त्यानंतर या भागात खाली पेढ्या-दुकाने आणि वर बिऱ्हाडे अशा भक्कम इमारती उभ्या राहिल्या. अशाच एका इमारतीचा सर्वांत वरचा मजला, जो कित्येक वर्षे जुन्या दप्तरांचे गोदाम म्हणून पडून होता, एका कुटुंबाने घेतला आणि तिथे उंच छताचे, पोटमाळ्यासह आलिशान घर, म्हणजे हल्ली ज्याला लॉफ्ट म्हणतात ते, करून मागितले. बर्मा सागाच्या कैच्या, म्हणजे छप्पर तोलून धरणारे त्रिकोणी लाकडी सांगाडे, त्यांवर मंगलोरी कौले आणि जाड दगडी भिंती हे सारे तिथे मूळचेच होते. आमच्या मते या घराचे ऐश्वर्यही त्यातच होते.

काम स्वीकारताना आम्ही एकच अट घातली, ती म्हणजे आधी छप्पर आणि मग घर. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. त्यामुळे भाडेकरूंना आसरा मिळाला हे खरे; पण इमारतीच्या डागडुजीला पैसा उरला नाही, आणि फोर्टपासून गिरगावपर्यंत असंख्य वास्तू त्या ओढाताणीत झिजल्या. इथेही पन्हळी फुटलेल्या होत्या आणि पावसाचे पाणी भिंतीतून झिरपत खालच्या मजल्यांवरच्या भाडेकरूंच्या खोल्यांत पोहोचत होते. वरच्या मजल्याचे सुशोभन करून खालच्यांना ओलीत ठेवणे आम्हाला मान्य नव्हते. ज्याच्या हाती खर्च करण्याची ऐपत आहे त्याने सगळ्या इमारतीच्या डोक्यावरचे छप्पर नीट करावे, हे आम्ही त्या कुटुंबाला सांगितले आणि त्यांनी ते मोकळ्या मनाने मानले.

कौले उतरवल्यावर लाकडाची खरी अवस्था दिसली. कैचीचा मधला भाग शंभराहून अधिक वर्षांनंतरही ठणठणीत होता, परंतु भिंतीत गेलेली टोके ओलीने कुजून भुसभुशीत झाली होती, इतकी की पटाशी सहज आत जात होती. अख्खी तुळई बदलणे सोपे असते, पण तसा साग आज मिळत नाही. म्हणून आमच्या सुतारांनी कुजलेले टोक निरोगी लाकूड लागेपर्यंत कापले, रे रोडच्या वखारींतून पाडलेल्या इमारतींचा जुना साग निवडून आणला आणि तिरक्या लांब सांध्याने, गंज न धरणाऱ्या बोल्टांनी तो जोडला. बसवताना टोकाभोवती भिंतीत थोडी मोकळी जागा सोडली, कारण लाकडाला हवा लागत राहिली तर ते टिकते.

भिंतींवरचे सिमेंटचे थर हाताने, छिन्नीने सोलावे लागले. सिमेंट भिंतीतली ओल बाहेर पडू देत नाही. क्षार आत साठतात आणि दगडाचा पृष्ठभागच पोपड्यांसारखा सुटू लागतो. चुना ओल बाहेर सोडतो. त्यात विटांची पूड, म्हणजे सुरखी, घातली की तो दमट हवेतही धरतो आणि मुंबईत याला पर्याय नाही. गूळ आणि हिरडा भिजवलेल्या पाण्यात मळलेला हा चुना पातळ थरांत द्यावा लागतो, प्रत्येक थर ओला राखावा लागतो, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो सावकाश घट्ट होतो. या कामात घाई चालत नाही हे ग्राहकाला आधीच समजावणे हा आमच्या व्यवसायाचा मोठा भाग आहे.

संगमरवरी फरशीवरून मात्र बरीच चर्चा झाली. दोन सेंटीमीटर जाडीचा संगमरवर आणि त्याखालचा मसाला धरला तर दर चौरस मीटरला साधारण १५० किलो भार येतो. अडीच सेंटीमीटर जाडीच्या सागवानी फळ्यांचा भार १६-१७ किलोच्या आसपास राहतो. जुन्या लाकडी तुळयांवर यातले काय घालावे हे आकड्यांनीच ठरवले. पोटमाळा पोलादी सांगाड्याचा केला, तोही रीतसर परवानगी घेऊन. त्याचे पाय खालच्या भारवाहक भिंतींच्या रेषेवर आहेत, जुन्या भिंतीत कुठेही खोदकाम नाही, आणि उद्या कोणाला तो नको झाला तर बोल्ट सोडवून काढता येईल. नवे काम जुन्याशी जुळावे, तरी वेगळे ओळखू यावे, हे १९६४ च्या व्हेनिस सनदेतले, म्हणजे ऐतिहासिक वास्तूंच्या जतनासाठीच्या आंतरराष्ट्रीय सनदेतले, तत्त्व आम्ही मनापासून पाळतो.

उजेडासाठी छप्पर कापून मोठी खिडकी करण्याची सूचना आली होती. त्याऐवजी कोकणातल्या घरांत असतात तशी काचेची कौले ठरावीक ओळींत बसवली आणि ती पुरेशी ठरली. न्हाणीघरे जुन्या मोरीच्या जागीच ठेवली, आणि वातानुकूलनाची यंत्रे रस्त्याकडच्या दर्शनी बाजूला येऊ दिली नाहीत.

त्या घरानंतर आमच्याकडे फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेटमधली कामे येऊ लागली. मात्र एका वेळी आमचे गवंडी आणि सुतार पुरे पडतील तेवढीच कामे आम्ही घेतो, कारण बाहेरच्या ठेकेदाराच्या हाती चुना देण्याची आमची तयारी नाही. आता प्रत्येक करारात आम्ही एक कलम आवर्जून घालतो: दरवर्षी मे महिन्यात, पावसाआधी, आमची माणसे छपरावर चढून कौले, पन्हळी आणि पाणी उतरवणारे नळ तपासतील, आणि हा खर्च वरच्या मजल्याचा मालक उचलेल.