संत्र्याच्या मशीनचं कीपॅड करून घेताना

हिंगणा एमआयडीसीत आमचं कंट्रोल पॅनेल बनवायचं छोटं काम आहे. संत्री धुऊन, मेण लावून आकारानुसार निवडणाऱ्या मशीनच्या पॅनेलवर आम्ही आधी छापील विनाइल चिकटवून पुशबटणं बसवायचो. ओल्या, मेणकट हातांनी एका सीझनमध्ये ‘चालू’ पुसलं जायचं. काटोलचं एक गिऱ्हाईक म्हणालं, “काहून भाऊ, मशीन लाखाची अन् अक्षरं पुसून गेली?” मग मेम्ब्रेन कीपॅड (वर छापील प्लॅस्टिक फिल्म अन् तिच्याच खाली बटणं असलेलं पातळ, सपाट कीपॅड) करून घ्यायचं ठरवलं.

यातली छपाई फिल्मच्या मागच्या बाजूला, उलटी होते. स्क्रीन प्रिंटिंगनं आधी अक्षरं, मग बाकीचे रंग, शेवटी भरीव पार्श्वभूमी. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन, म्हणजे शाई जिच्यातून उतरते ती जाळी. बोट लागतं ते फक्त प्लॅस्टिकला, शाई मागे सुरक्षित. डिस्प्लेची जागा पारदर्शक सोडतात.

सप्लायर पॉलिकार्बोनेटची फिल्म गळ्यात मारत होता. तिच्यावर बटणाचा उठाव सहज येतो, खरं आहे, पण सारखी दाबून ती तडकते आणि सॉल्व्हंटनं खराब होते. पॉलिस्टरवरचं बटण लाखोंदा दाबलं तरी टिकतं. मी पॉलिस्टरवरच अडून बसलो.

मराठी अक्षरांनी मात्र दमवलं. आमची फाइल सप्लायरच्या कॉम्प्युटरवर उघडली की वेलांट्या अक्षर सोडून भलतीकडे जाऊन बसायच्या. सगळा मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या नुसत्या रेखाकृतीत, बदलून पाठवला तेव्हा कुठे ‘प्रतवारी’ नीट दिसली. त्यातही बारीक अक्षरांचे अनुस्वार शाईनं बुजत होते, म्हणून टाइप मोठा केला. प्रूफवर सही करण्याआधी अक्षरन् अक्षर वाचलंच पाहिजे, ते काम त्यांच्यावर सोडू नये.

मला खरी मजा आली ती सॅम्पल ब्लेडनं उकलताना. वरची फिल्म, तिच्याखाली गोंद, मग स्टीलचे छोटे फुगीर डोम (‘टक्’ आवाज त्यांचाच), त्यांना जागेवर धरणारा स्पेसर आणि सगळ्यात खाली चांदीच्या शाईनं छापलेलं सर्किट. स्पेसरमध्ये एका बटणापासून दुसऱ्यापर्यंत केसासारख्या बारीक वाटा कापलेल्या असतात. बटण दाबलं की आतली हवा त्यातून सरकते. एका सॅम्पलमध्ये या वाटाच नव्हत्या. दाबलेलं बटण आळसावून हळूच वर यायचं. ते परत पाठवलं.

बसवतानाही दोन गोष्टी पाहाव्या लागल्या. आमचं पावडर कोटिंग खरखरीत, त्यावर साधा गोंद धरेना; अशा पृष्ठभागाचा वेगळा गोंद मागवला. शिवाय सर्किटची कनेक्टरकडे जाणारी लवचिक पट्टी, म्हणजे शेपटी, घडी घालून दुमडायची नाही, गोलाई देऊनच वळवायची, नाहीतर चांदीच्या रेघा तुटतात. हे आमच्या फिटरला रागावूनच सांगावं लागलं.

स्क्रीन आणि कटिंगची डाय (फिल्म कापायचा साचा) यांचा खर्च पहिल्या ऑर्डरलाच लागला. डाय आमच्या नावानं त्यांच्याकडेच ठेवली आहे, पुढच्या ऑर्डरला तो खर्च नाही; फक्त बटणांची जागा बदलायची नाही.