दादा, पप्पा एकच पुरे

लग्न चार दिवसांवर आलेलं आणि वसईच्या त्या मुलीचे पप्पा जहाजावर. सुट्टी मिळेना. चर्चच्या गायनमंडळातल्या भावंडांनी तिच्यासाठी गाणं रचून, गाऊन ठेवलं होतं. त्यातला मुख्य आवाज पप्पांचा करून द्यायचं काम माझ्याकडे. पप्पांनीच हौसेने केबिनचा एसी बंद करून बारा मिनिटं बोलून-गाऊन पाठवली होती. आरव्हीसी म्हणजे एकाचं गाणं दुसऱ्याच्या आवाजात बदलणारं एआय. त्याचं मॉडेल एखादा आवाज शिकवायला तेवढं पुरतं.

"दादा, संध्याकाळपर्यंत होईल ना?" मुलीने विचारलं.

होईल की, म्हणालो.

सुट्या ट्रॅकची हार्ड डिस्क मेलेली, हाती आली ती एकच मिक्स फाइल. अल्टिमेट व्होकल रिमूव्हरमध्ये टाकून वाद्यं आणि आवाज वेगळे केले आणि आवाज मॉडेलमधून काढला. पहिल्या दोन ओळी झकास. तिसऱ्या ओळीला साथीचे आवाज मागून येतात, आणि तिथे पप्पा हुडहुडी भरल्यासारखे थरथरू लागले. "तुझ्या" या एका शब्दात सूर ‘ग’वरून ‘सा’वर, ‘सा’वरून ‘ग’वर टुणटुण उड्या मारत होता.

भजनात टाळकरी ध्रुपद धरतात ते बुवांच्याच सुरात. वसईच्या चर्चमध्ये मात्र एकाच वेळी चार वेगळे सूर चालतात. आणि मॉडेल दर दहा मिलिसेकंदांना नोंदवतं एकच सूर. दोन आले की कधी हा धरतं, कधी तो. सूर मोजायच्या दोन पद्धती, आरएमव्हीपीई आणि क्रेप. मी तासभर आरएमव्हीपीई काढून क्रेप लाव, परत आरएमव्हीपीई लाव, असा खेळ केला. शुद्ध मूर्खपणा. मोजणाऱ्याचं काय चुकलं, त्याच्यापुढे दोन गळे मीच ठेवले होते.

मग मुख्य आवाज आणि साथ वेगळी करणारं कराओके मॉडेल लावलं. मुख्य आवाज मधोमध, साथ डावी-उजवीकडे पसरलेली, त्यामुळे बरंचसं सुटं झालं. रिव्हर्बही, म्हणजे आवाजामागचा घुमारा, काढला, नाहीतर मागच्या शब्दाचा सूर पुढच्यावर सांडतो. अडलं ते ध्रुवपदाच्या शेवटी. तिथे दोघं एकाच माईकवर गायलेले. स्पेक्ट्रोग्राममध्ये, म्हणजे आवाजाच्या आलेखात, दोन रेघा एकमेकींना बिलगून, काही केल्या सुटेनात.

रात्री अकराला खिडक्या लावल्या, पंखा बंद केला आणि तेवढे आठ सेकंद मीच गायलो. माझा गळा म्हणजे आनंदच. पण मॉडेल शब्द, सूर आणि जोर माझा घेतं, पोत पप्पांचा चढवतं. माझी एक बेसूर हरकतही इमानेइतबारे पप्पांच्या गळ्यात उतरली. सातव्या टेकला जमलं.

साथ राहिली. इथे मला हाव सुटली. तिन्ही सूरही पप्पांच्याच आवाजात केले. ऐकलं तर चार पप्पा एका विहिरीत उतरलेले. तरी नमुना म्हणून पाठवला. दोन मिनिटांत उत्तर : "दादा, पप्पा एकच पुरे."

मग साथ भावंडांचीच मूळची ठेवली, तीन डेसिबलने खाली घेतली आणि पप्पांच्या आवाजाला तिच्याच जातीचा रिव्हर्ब दिला. तेवढ्याने ते एका खोलीत आले.

फाइल गेली. पुन्हा मेसेज. तिसऱ्या ओळीआधी कुणीतरी जोरात श्वास घेतला होता, तो मी कचरा समजून कापला होता. "तो माझा भाऊ आहे. श्वास ओढल्याशिवाय तो येतच नाही. तेवढा परत टाका ना."

टाकला. पावणेदोन वाजले होते.