तालेज्जोची साल

तालेज्जो हे चीज मी पहिल्यांदा समोर घेतले तेव्हा त्याच्या उग्र, ओलसर तळघरासारख्या वासाने मी क्षणभर मागे सरले होते. पहिला घास घेतल्यावर मात्र जिभेवर सौम्य, लोण्यासारखी, किंचित आंबूस आणि शेवटी फळाचा हलका भास देणारी चव उतरली. हा वास आणि ही चव एकाच पदार्थाची कशी, हे कोडे मला तेव्हापासून मनापासून आवडत आले आहे आणि त्याचे उत्तर त्याच्या सालीत आहे.

इटलीच्या उत्तरेकडील लोम्बार्दियामध्ये, बेर्गामोजवळच्या डोंगरांत व्हाल तालेज्जो नावाचे खोरे आहे. चीजचे नाव त्या खोऱ्यावरून पडले. हे नाव विसाव्या शतकात रुळले. त्याआधी अशा मऊ चौकोनी चीजला सरसकट 'स्त्राक्किनो' म्हणत. लोम्बार्द बोलीत 'स्त्राक' म्हणजे थकलेला. उन्हाळाभर उंच कुरणांवर चरून शरदात मैदानाकडे उतरणाऱ्या गाई वाटचालीने थकलेल्या असत, आणि त्यांच्या दुधाचे चीज म्हणून ते स्त्राक्किनो, अशी या नावाची उपपत्ती सांगतात.

गाईचे सायीसकट दूध विरजण आणि रेनेट (दूध गोठवणारे विकर) घालून घट्ट केले जाते, तो थर कापून चौकोनी साच्यांत भरतात आणि उबदार, दमट खोलीत त्यातली निवळी निथळू देतात. मीठ लावल्यावर लाद्या थंड आणि दमट जागी मुरायला ठेवतात. व्हालसास्सिना खोऱ्यातील नैसर्गिक गुहा या कामासाठी प्रसिद्ध आहेत, कारण खडकांच्या भेगांतून येणारी गार हवा तिथे ओलावा टिकवून ठेवते. मुरण्याची मुदत किमान 35 दिवसांची असते, आणि त्या काळात साधारण आठवड्याला एकदा प्रत्येक लादी मिठाच्या पाण्याने पुसली जाते.

या पुसण्यातच सारे मर्म आहे. मिठाचा ओलावा नको त्या बुरशीला आवरतो. पृष्ठभागावरचे यीस्ट आम्ल खाऊन टाकतात, आणि आम्लता कमी झाली की मीठ सोसणारे ब्रेव्हिबॅक्टेरियम जातीचे जिवाणू तिथे वाढू लागतात. सालीचा गुलाबी-नारिंगी रंग प्रामुख्याने त्यांच्यामुळे येतो, आणि प्रथिने तोडताना त्यांच्याकडून तयार होणारी गंधकयुक्त द्रव्ये तो उग्र वास देतात. वास सालीपाशी एकवटलेला असतो. आतला गर त्यापासून बराच दूर राहतो. चीज बाहेरून आत मुरत जात असल्यामुळे कापल्यावर सालीलगतचा भाग मऊ, जवळजवळ ओघळता, तर मध्यभाग पांढरट आणि किंचित भुरभुरीत दिसतो. जाडी 4 ते 7 सेंटिमीटरच ठेवतात, हे मला फार शहाणपणाचे वाटते, कारण त्याहून जाड लादीच्या गाभ्यापर्यंत हा बदल वेळेत पोहोचलाच नसता.

1996 मध्ये युरोपीय संघाने तालेज्जोला संरक्षित उगमाचा दर्जा दिला, म्हणजे ठरलेल्या क्षेत्रात बनलेल्या चीजलाच हे नाव लावता येते. त्याचे मान्य क्षेत्र खोऱ्यापुरते नसून लोम्बार्दियाच्या मैदानांसह प्येमोंतेतील नोव्हारा आणि व्हेनेतोतील त्रेव्हीझोपर्यंत पसरलेले आहे. डोंगराचे नाव मैदानाने घेतले, असा आक्षेप यावर घेता येईल, पण तो मला पटत नाही. गाईसुद्धा दरवर्षी डोंगरावरून मैदानातच उतरत होत्या.

खाण्यापूर्वी तासभर ते फ्रिजबाहेर ठेवावे, कारण गारठलेल्या तालेज्जोचा वास तेवढा जाणवतो आणि चव मुकी राहते. साल खाता येते, पण मिठाच्या खरखरीमुळे मी ती हलकेच खरवडते. आणि गरम पोलेंतावर, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट लापशीवर, त्याचे जाड काप ठेवले की ते वितळून कडेने पसरू लागतात, तेव्हा आधी तो वास दरवळतो आणि मागोमाग लोण्याचा.