कामठीतली ताण्याची गल्ली

नागपूरजवळच्या कामठीच्या एका जुन्या मोहल्ल्यात दोन शेजाऱ्यांचा हद्दीचा वाद लागला होता. दोन घरांच्या मधल्या मोकळ्या पट्टीवर दोघेही हक्क सांगत होते. एकाने तिथे टिनाचं शेड उभारायला घेतलं, दुसऱ्याने मोजणीचा अर्ज टाकला, आणि लगतधारकांना नोटिसा गेल्यावर ठरलेल्या दिवशी मी, भूमापक, नागपूरहून मोजणीचं मशीन घेऊन पोचलो.

मोजणी झाली, जुन्या नकाशावर बसवून पाहिली. दोन्ही घरं आखीव पत्रिकेप्रमाणे, म्हणजे जागेच्या सरकारी नोंदीप्रमाणे, अगदी बरोबर. म्हणजे पट्टी कोणाचीच नव्हती, गल्लीचाच भाग होती. पण बाकी गल्लीत दोन माणसं जेमतेम शेजारून जातील, मग इथेच ती एवढी रुंद आणि दोरी लावल्यासारखी सरळ का? कडेला दगड रोवलेले होते, तेही एका रेषेत. प्रत्येकाच्या माथ्याजवळ आरपार भोक. हद्दीच्या दगडाला भोक कशाला असेल?

समोरच्या ओट्यावर बसलेले एक वयस्कर चाचा म्हणाले, "साहब, यहाँ ताना लगता था."

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. मागावर चढवण्याआधी ताण्याचं, म्हणजे कापडातल्या उभ्या धाग्यांचं, सूत उघड्यावर लांबच लांब ताणायचं, खळ लावायची आणि कुंचल्याने धागा न् धागा मोकळा करायचा. हे सगळं ऊन चढायच्या आत उरकायचं, नाहीतर खळ आधीच सुकते आणि धागे तुटतात. दगडांच्या भोकांतून दोर ओवून ताण धरायचा. हे एकट्याचं काम नव्हे, त्याला अख्खी गल्ली लागायची. चाचांच्या बोटांना भोकांच्या आतल्या कडा गुळगुळीत लागत होत्या, त्यांनी माझाही हात तिथे नेऊन लावला.

त्या क्षणी मला कामठी नव्याने दिसली. १८२१ मध्ये इंग्रजांनी कन्हानच्या काठी छावणी टाकली, तिच्या आसऱ्याने बाजार वाढला. कोलार आणि पेंच इथेच कन्हानला मिळतात, पाण्याला तोटा नव्हता. उत्तर हिंदुस्थानातून विणकर आले, व्यापारी आले. पुढे विड्यांचं काम वाढलं. गोराबाजार, खलासी लाईन, मोदी पडाव ही नावं त्या वसवणुकीची साक्ष देतात. १८८१ च्या जनगणनेत इथे सुमारे ५१ हजार माणसं होती. पण त्याआधीच, १८६७ मध्ये, रेल्वे नागपूरला आली होती आणि व्यापार हळूहळू तिकडे सरकला. १९०१ मध्ये कामठीची वस्ती ३९ हजारांच्याही खाली आली होती. तरी विणकर टिकले, विडी कामगार टिकले. त्याच विडी कामगारांना संघटित करणारे बाबू हरदास इथलेच. ते १९३७ मध्ये मध्यप्रांताच्या विधिमंडळात निवडून गेले. गावाचा हा इतिहास नुसता कागदात शोधणाऱ्यांनी एकदा तरी गल्ल्या मोजून पाहाव्यात, असं मला मनापासून वाटतं.

दोन्ही शेजाऱ्यांना मी नकाशा दाखवला. शेडवाला बराच वेळ काही बोलला नाही. मग चाचांना त्याने विचारलं, "मेरे दादा का ताना भी यहीं लगता था क्या?" चाचांनी तिसऱ्या दगडाकडे बोट केलं. दोघांनीही जबाबावर सह्या केल्या.

क-प्रतीवर, म्हणजे मोजणीच्या नकाशावर, मी पट्टी गल्ली म्हणूनच दाखवली आणि ते दगड एकेक करून स्थिर खुणा म्हणून टिपले.